जुनी होडी, लांबची वाट



मागच्या महिन्यात याच कार्यक्रमात बोलता बोलता मी सांगून गेले होते, की येत्या मार्गशीर्षात आम्ही तिघीजणी शिडाच्या होडीतून रत्नागिरीहून गोव्याला जाणार आहोत. त्यानंतर केंद्रावर बरेच फोन आले. कुणी शुभेच्छा दिल्या, कुणी ‘घरचे बरे परवानगी देतात’ म्हणून आश्चर्य केलं. पण सर्वांत जास्त जणींनी विचारलं ते हे, की होडी पस्तीस वर्षांची जुनी आहे म्हणता, मग तिच्या भरवशावर समुद्रात जाणार कशा? प्रश्न अगदी रास्त आहे. आज मी त्यावरच बोलणार आहे.

आधी आमची ओळख सांगते. तिघी म्हणजे मी, माझी नणंद आणि बँकेतून निवृत्त झालेली आमची एक मैत्रीण. माझा धंदा शिवणकामाचा. सात-आठ वर्षं आम्ही शिडाची होडी चालवतो आहोत, पण खाडीत किंवा किनारा नजरेत ठेवून. होडी सव्वीस फुटांची, फायबरची, एक डोलकाठी, दोन शिडं आणि पोटात एक लहानसं डिझेल इंजिन. मुंबईच्या एका गृहस्थांना वयामुळे समुद्रात जाणं जमेना, त्यांच्याकडून आम्ही ती घेतली.

होडीचं वय म्हणजे नेमकं कशाचं वय? आपल्याकडच्या जुन्या घराचंच बघा. भिंती आजेसासऱ्यांच्या काळातल्या, कौलं वीस वर्षांची आणि विजेच्या तारा गेल्या वर्षी बदललेल्या. होडीचंही तसंच असतं. फायबरचा सांगाडा नीट राखला तर कित्येक दशकं टिकतो. डोलकाठीला धरणाऱ्या तारा दहा-पंधरा वर्षांत बदलायच्या. शिडाच्या शिवणीचा दोरा उन्हात त्याहून आधी कुजतो. संकटात पेटवायच्या लाल ज्योतींची मुदत साधारण तीन वर्षांत संपते. म्हणून आम्ही होडीच्या प्रत्येक भागाचं वय वेगळं लिहून काढलं. ज्याचं वय सांगता येईना, ते जुनंच धरायचं असं ठरवलं.

जुन्या होड्या लांब गेल्याची उदाहरणं आहेत आणि त्यातली काही आपल्या जवळची आहेत. ‘सुहैली’ ही बत्तीस फुटांची सागवानी होडी आपल्या मुंबईत बांधली गेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाने आधी ती मुंबईहून लंडनला नेली. मग १४ जून १९६८ रोजी तीच होडी घेऊन ते इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाले आणि कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी परत आले. असं करणारे ते जगातले पहिले. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते, पुरी केली एकट्या सुहैलीने. पण तिची वाट काही सुखाची नव्हती. अटलांटिक महासागरात तळाजवळच्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येऊ लागलं. तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन स्वतः पाण्यात उतरले आणि फटींमध्ये कापूस ठोकून त्यावर कॅनव्हासची पट्टी मारली. पुढे टाकीतलं पिण्याचं पाणी खराब झालं, रेडिओ बंद पडला, आपोआप दिशा धरणारं यंत्र मोडलं. तरी ते पोहोचले, कारण होडीचा सांधा न् सांधा त्यांना ठाऊक होता आणि दुरुस्तीचं सामान बरोबर होतं.

दुसरं उदाहरण नौदलाच्या ‘तारिणी’चं. छप्पन्न फुटांची ही होडी गोव्यात बांधली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये नौदलात आली. त्याच वर्षी १० सप्टेंबरला लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी अधिकारी तिच्यातून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्यात परतल्या. होडी तेव्हा कोरी होती. तरीही परतीच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि त्यांना ठरलेलं नसताना मॉरिशसला थांबावं लागलं. पुढे हीच तारिणी सात वर्षांची झाल्यावर लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघीच तिच्यातून निघाल्या. २ ऑक्टोबर २०२४ ला गोवा सोडलं आणि २९ मे २०२५ ला त्या परत आल्या. म्हणजे नव्या होडीचंही बिघडतं आणि जुनीही जग फिरून येते. फरक पडतो तो निघण्याआधी काय काय पाहिलं यावर.

आमचा पल्ला त्या मानाने अगदी लहान. रत्नागिरी ते पणजी साधारण शंभर सागरी मैल, आणि तेही एका दमात जायचं नाही. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असे मुक्काम करत जायचं. पण समुद्र पल्ला मोजून वागत नाही. किनाऱ्यापासून पाच मैलांवर डोलकाठी पडली तरी ती पडलेलीच असते.

गणपती गेले आणि आम्ही कामाला लागलो. होडी पावसाळ्यात जमिनीवर चढवून झाकलेली होतीच. पहिलं काम म्हणजे तिच्यातलं सगळं बाहेर काढणं. गाद्या, दोर, भांडी, हत्यारं, नांगर, साखळी, फळकुटं, सगळं ताडपत्रीवर मांडलं. दिवाळीच्या साफसफाईला कपाट रिकामं करतो तसं. जोवर सामान आत आहे तोवर पाणी कुठून येतं आणि कुठे साचतं, हे दिसत नाही. रिकामी झाल्यावर होडी गोड्या पाण्याने धुतली आणि दोन दिवस उघडी ठेवली. तिसऱ्या दिवशी एका कोपऱ्यात ओल दिसली. वरच्या खिडकीची रबरी पट्टी फाटली होती. सामान भरलेलं असतं तर हे कळलंच नसतं.

मग तळ पाहिला. फायबरला पाणी लागत नाही असा आपला समज असतो. पण वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं की थोडं पाणी आत मुरतं आणि रंगाखाली फोड येतात. आमच्या वाडीतले तांडेलकाका मदतीला आले होते. त्यांचं सगळं आयुष्य लाकडी होड्यांवर गेलं, पण कान तयार. स्क्रू ड्रायव्हरची मूठ हातात देऊन म्हणाले, “वहिनी, बाजारात मडकं घेताना काय करता? टिचकी मारून बघताच ना? तसंच करा. डोळे मिटून ऐका.” खरंच तसंच आहे. धड भागावर टणक आवाज येतो. आत पाणी किंवा पोकळी असेल तिथे बद्द आवाज येतो. आम्ही वीत-वीत अंतरावर ठोकत सगळा तळ पालथा घातला. बद्द आवाज कुठे आला नाही, पण रुपयाएवढे दहा-बारा फोड सापडले. ते उघडले, गोड्या पाण्याने धुतले आणि ऑक्टोबरच्या उन्हात चांगले वाळू दिले. मगच इपॉक्सीने भरले. घाई करून ओलं भरलं तर पुढच्या वर्षी फोड पुन्हा येतो.

तळाला जिथे जिथे भोक पाडलेलं असतं, तिथे माझं सर्वांत जास्त लक्ष होतं. इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेणारी नळी, मोरीचं पाणी बाहेर टाकणारी नळी, अशा प्रत्येक नळीला एक कॉक असतो. तो फिरलाच पाहिजे. एक छोटा हिशेब सांगते. पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर दीड इंचाचं भोक उघडं राहिलं, तर मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत येतं. म्हणजे दर मिनिटाला सात-आठ बादल्या. बायका पाणी उपसण्यात कितीही तरबेज असल्या तरी हा वेग फार काळ पुरा पडत नाही. आमच्या होडीवर असे चार कॉक. तीन सहज फिरले, चौथा गच्च बसला होता. तो बदलला. प्रत्येक नळीवर एकाऐवजी दोन क्लिपा लावल्या. आणि प्रत्येक कॉकच्या शेजारी मऊ लाकडाची एक निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवली. कॉक तुटला तर ती खुंटी भोकात ठोकायची. खुंटी हत्यारांच्या पेटीत ठेवून उपयोग नाही, अंधारात चाचपडलं तरी हाताला लागली पाहिजे.

तळाला जस्ताचा एक तुकडा लावलेला असतो. खाऱ्या पाण्यात दोन निरनिराळे धातू एकत्र आले की बॅटरीसारखा प्रकार होतो आणि त्यातला एक धातू झिजू लागतो. जस्त सगळ्यात आधी झिजतं, म्हणून पितळेचा पंखा आणि इतर भाग वाचतात. आमचा तुकडा अर्ध्याहून जास्त झिजला होता. त्याने आपलं काम केलं होतं. नवा लावला. ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती.

आता डोलकाठी. आमच्या होडीची डोलकाठी सगळ्या बाजूंनी स्टीलच्या तारांनी ताणून धरलेली आहे. एक तार तुटली की काठी वारा लागताच पडू शकते. तारा दिसायला चकचकीत होत्या. आम्ही कापसाचा बोळा घेऊन प्रत्येक तारेवरून वरपासून खालपर्यंत फिरवला. एखादा केसाएवढा धागा तुटला असेल तर कापूस तिथे अडकतो. एका तारेवर, खालच्या टोकाशी, कापूस अडकला. तार बहुधा टोकालाच दगा देते. जिथे ती स्टीलच्या टोपणात दाबून बसवलेली असते, तिथे खारं पाणी शिरून बसतं. स्टेनलेस स्टील गंजत नाही, पण त्यासाठी त्याला हवा लागते. हवा न मिळता खारं पाणी साचून राहिलं की तेही आतल्या आत गंजतं, आणि बाहेरून काही दिसत नाही.

इथे आमची खरी ओढाताण झाली. हाताशी पैसे मोजके. मोठं शीड जुनं झालेलं, नवं घ्यावं असं तिघींच्याही मनात. आणि तारा बदलायच्या तर एकच बदलून भागणार नव्हतं. बाकीच्यांचं वय कुणालाच माहीत नाही, कुठली पावती नाही. शीड आणि तारा, दोन्ही परवडणार नव्हतं. तिघी एका संध्याकाळी वही घेऊन बसलो. नणंदेने सरळ विचारलं, “शीड फाटलं तर काय होईल?” मी म्हटलं, “उतरवू, दुसऱ्या शिडावर किंवा इंजिनावर जवळचं बंदर गाठू.” “आणि तार तुटली तर?” त्यावर कुणी काही बोललं नाही. तारा सगळ्या बदलल्या. ज्या पट्ट्यांना त्या तारा अडकवतात, त्याही बाहेर काढून पाहिल्या. शीड मात्र जुनंच राहिलं. ते मी शिवलं.

शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींसाठी थोडं सविस्तर सांगते. शिडाचं कापड जाड पॉलिएस्टरचं असतं. उन्हाने आधी मरतो तो दोरा. कापड धड असतं आणि शिवण नुसती वर वर दिसत असते. नखाने शिवणीवर जोरात ओरखडा काढायचा. टाका पटकन तुटला तर ती सगळी शिवण गेलीच म्हणायची. आमच्या शिडाच्या कडेच्या शिवणी तशाच निघाल्या. ऊन सोसणारा पॉलिएस्टरचा दोरा आणला आणि नागमोडी टाक्याने शिवणी पुन्हा मारल्या. सरळ टाका ताण आला की कापडाबरोबर ताणला जात नाही, तुटतो. नागमोडी टाका ताण थोडा सोसतो. कोपऱ्यांना थरावर थर असतात, तिथे मशीनची सुई चालत नाही. तिथे हाताने, जाड सुईने आणि तळहातावर चढवायच्या चामडी पट्टीने शिवावं लागतं. आपण बोटात अंगुस्ताना घालतो, तसाच तो तळहाताचा अंगुस्ताना समजा. जिथे शीड तारेला घासतं तिथे ठिगळं लावली. आणि वारा वाढला की शीड लहान करण्यासाठी जी दोऱ्यांची ओळ असते, त्या दोन ओळींना तिसरी जोडली. पंधरा दिवस आमच्या पडवीत चालायला जागा नव्हती. सासूबाई म्हणायच्या, “लग्नाचा मांडव शिवायला घेतलायस की काय?”

इंजिनाचं थोडक्यात सांगते. अर्धवट भरलेल्या टाकीत हवेतला दमटपणा पाणी होऊन उतरतो आणि डिझेलच्या खाली साचतो. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे काळा बुळबुळीत गाळ धरतो. होडी धक्क्याला उभी असते तेव्हा तो तळाशी स्वस्थ बसलेला असतो. लाटांनी होडी घुसळली की वर येतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन बंद पडतं. म्हणजे नेमकं जेव्हा इंजिन लागतं तेव्हाच. म्हणून जुनं डिझेल सगळं काढलं, टाकी आतून पुसली, फिल्टर बदलले. दोन जादा फिल्टर आणि एक पट्टा बरोबर घेतला. फिल्टर बदलून इंजिनातली हवा काढणं आम्ही तिघीही शिकलो. एकीलाच येतं आणि तीच उलट्या करत पडली, तर काय उपयोग?

नांगर हे होडीचं घरचं दार. रात्री झोप लागते ती त्याच्या जिवावर. आम्ही साखळी पूर्ण बाहेर काढून कडी कडी तपासली. दोराचं आतलं टोक होडीला पक्कं बांधलंय ना, हेही पाहिलं. पाच मीटर खोल पाण्यात नांगर टाकायचा तर साखळी आणि दोर मिळून निदान तीस मीटर सोडावा लागतो, तेव्हा तो आडवा ओढला जाऊन जमिनीत रुततो. आखूड सोडला तर उचकटतो. मालवणला किल्ल्याच्या आसपास खडक फार. तिथे दिवसाउजेडीच शिरायचं, उशीर झाला तर देवगडहून निघायचंच नाही, असं ठरलेलं आहे.

पाण्याचा धडा सुहैलीकडून घेतला. टाकी आहे, पण सगळं पाणी तिच्यात भरलेलं नाही. निम्मं पाणी पाच-पाच लिटरच्या कॅनमध्ये, वेगवेगळ्या ठिकाणी. माणशी दिवसाला चार लिटर, आणि लागतील त्याच्या दुप्पट दिवसांचं. दिवस दुप्पट का, तर हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा, बहुतेक वायव्येचा. गोव्याला जाताना तो मागून ढकलतो. परतताना तोच तोंडावर. तेव्हा नागमोडी जावं लागतं आणि वेळ जातो.

आता जीव वाचवायच्या सामानाबद्दल. हा भाग ज्यांच्या घरचे मासेमारीला जातात त्या मैत्रिणींनी जरूर ऐकावा. हवेने फुगणाऱ्या जॅकेटमध्ये गॅसची छोटी नळकांडी असते. तिच्यावर तिचं वजन छापलेलं असतं. घरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून बघायचं, कमी भरली तर गॅस गेलेला आहे. जॅकेट तोंडाने फुगवून रात्रभर ठेवायचं, सकाळी मऊ पडलं तर ते कामाचं नाही. फोमचं जॅकेट असेल तर पट्टे आणि शिवण ओढून बघायची. आमच्या जुन्या तीन जॅकेटांपैकी एक सकाळी लिंबाच्या सालासारखं सुरकुतलेलं होतं. ते फेकलं. फेकताना कापून फेकलं, म्हणजे दुसरं कुणी घेऊन वापरणार नाही. लाल ज्योतींची मुदत पाहून नव्या घेतल्या. बिनतारी संचाचा सोळा नंबरचा चॅनल संकटासाठी असतो. त्यावर काय आणि कोणत्या क्रमाने बोलायचं, ते मोठ्या अक्षरात लिहून संचाशेजारी चिकटवलं. घाबरलेल्या माणसाला आठवत नाही, वाचता येतं.

पाण्यात माणूस पडला तर परत वळून त्याला गाठायचा सराव आम्ही नारळावर केला. न सोललेला नारळ पाण्यात टाकायचा आणि होडी फिरवून त्याच्यापाशी आणायची. माणसाचं डोकं लाटांमध्ये नारळाएवढंच दिसतं. पहिल्या दिवशी दोन नारळ समुद्राने नेले. तिसऱ्या दिवशी तिघींनाही जमलं. तेव्हापासून एकीचं काम फक्त नारळावर बोट रोखून ठेवायचं. तिने दुसरं काहीही करायचं नाही, नजरही हलवायची नाही.

इतकी कामं निघाली की माणूस गोंधळतो. म्हणून आम्ही वहीत तीन रकाने केले. पहिला ‘याशिवाय निघायचं नाही’, दुसरा ‘वाटेत करता येईल’, तिसरा ‘परत आल्यावर’. रंग, नवी गादी, पडदे, होडीचं नाव नव्याने लिहिणं, सगळं तिसऱ्या रकान्यात. आमच्या मैत्रिणीला तिसरा रकाना फार जड गेला. होडी जुनाट दिसते, लोक काय म्हणतील! खरं आहे, गोव्याच्या धक्क्यावर आमची होडी सगळ्यांत कळकट दिसणार आहे. पण तिच्या तारा नव्या असणार आहेत.

पहिल्या रकान्यात आज एकच काम शिल्लक आहे. सुकाणूचं. सुकाणू हाताने हलवलं तेव्हा खालच्या बाजूला बोटभर खेळ आढळला. त्याचा दांडा ज्या बुशमध्ये फिरतो तो झिजला आहे. हा भाग बाजारात तयार मिळत नाही, लेथवर करून घ्यावा लागतो. पहिला विचार नायलॉनचा होता, पण नायलॉन पाणी पिऊन फुगतं आणि सुकाणू जाम होऊ शकतं. म्हणून काशाचा करायला दिला आहे. तो पुढच्या आठवड्यात मिळेल. मग बसवायचा, होडी पाण्यात उतरवायची, एक दिवस आणि एक रात्र जवळपास फिरवायची, आणि परत येऊन पुन्हा सगळं पाहायचं. शिवाय सुकाणूची मूठ मोडली तर लावायला दुसरी मूठ बरोबर असेल.

बुश वेळेवर आला नाही, तर आम्ही निघणार नाही. हे मी आज सगळ्यांसमोर सांगते आहे, त्याला कारण आहे. तारीख ठरली, पाहुण्यांना कळवलं, शेवचकल्या डब्यात भरल्या, की मन मागे फिरायला तयार होत नाही. ‘एवढ्याने काय होतंय’ असं वाटू लागतं. म्हणून नियम आधीच लिहून ठेवलेत. पहिल्या रकान्यातलं एकही काम बाकी असेल तर निघायचं नाही. हवामान खात्याचा किंवा हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचा समुद्राबद्दल इशारा असेल तर निघायचं नाही. आणि तिघींपैकी एकीने नको म्हटलं तर निघायचं नाही, तिला कारणही विचारायचं नाही. आमच्यावर काही प्रसंग आला तर सोडवायला येणार कोण? तटरक्षक दलाची पोरं, नाहीतर जवळचा एखादा मच्छीमार, जाळं टाकून द्यायचं सोडून. त्याच्याही घरी कुणी वाट पाहत असतं.

घरी सासूबाईंकडे एक कागद दिला आहे. त्यावर होडीचा रंग, शिडाचा नंबर, तिघींची नावं, रोजचा मुक्काम आणि फोनची वेळ लिहिली आहे. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा. एक फोन चुकला तर घाबरायचं नाही, रेंज नसेल. लागोपाठ दोन चुकले तर तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर लावायचा आणि कागद वाचून दाखवायचा. सासूबाईंनी तो दोनदा मोठ्याने वाचला आणि देवघराशेजारी खिळ्याला अडकवला.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणींना शिडाच्या होडीशी काही देणंघेणं नसेल. पण समुद्रावर जाणारं माणूस पुष्कळ घरांत आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर असतात, पुरुष जाळी विणतात, इंजिनं खोलतात. त्या दिवसांत तीन गोष्टी तुम्ही स्वतः पाहा. जॅकेटं किती आहेत आणि माणसं किती जातात. बिनतारी संच चालतो का. आणि कोणत्या बाजूला गेलेत, कधी येणार, हे लिहिलेला कागद घरात आहे का. ‘तुला काय कळतंय त्यातलं’ असं कुणी म्हणेल. म्हणू दे. टिचकी मारून मडकं ओळखणाऱ्या बायका आपण, जॅकेटही ओळखू.

आमचा बेत मार्गशीर्ष शुद्ध एकादशीच्या सुमाराचा आहे. पौर्णिमा जवळ असली की रात्रीही वाटेतल्या जाळ्यांचे बोये दिसतात. निघालो तर गोव्याहून परतल्यावर कसा प्रवास झाला ते सांगेन. नाही निघालो, तर का नाही निघालो ते सांगेन. दोन्ही तुम्ही सारख्याच आस्थेने ऐकाल, याची मला खात्री आहे.